पाण्याचं रॉकेट: बाटली एक, पिरियड सहा

लग्नसराई संपली की आमच्या बेळगाव भागात कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांना तोटा नसतो, कार्यालयाच्या मागं नुसता ढीग पडलेला असतो. तिथनं पंधरा-वीस बाटल्या उचलून आणायच्या, स्वच्छ धुवायच्या, शाळेच्या कपाटात टाकायच्या, वर्षाची सोय झाली. मी सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवतो, मराठी माध्यम, खेड्यातली शाळा, एका बाजूला भाताची शिवारं आणि दुसऱ्या बाजूला रताळी. पाण्याचं रॉकेट (बाटलीत थोडं पाणी, त्यात पंपाने कोंबलेली हवा, तोंड सुटलं की पाणी खाली आणि बाटली वर) पहिल्यांदा केलं ते २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला, सगळे करतात तसंच. एचएम म्हणजे हेडमास्तर, एसडीएमसीचे म्हणजे शाळा समितीचे मेंबर खुर्च्या टाकून बसलेले, एक रॉकेट सोडलं, टाळ्या पडल्या, फोटो काढला, विषय संपला. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं काल काय शिकलात रे, तर मागच्या बाकावरचा म्हणतोय, "सर, तुमचा शर्ट भिजला." तेवढंच शिकलेलं. खोटं कशाला सांगू, मी पण तेवढंच शिकलो होतो.

तेव्हापासून मी रॉकेट दाखवायचं बंद केलं आणि मोजायला लागलो. तीच बाटली वीस वेळा उडवायची, दर वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं काय झालं ते पोरांनी वहीत लिहायचं. एवढं केलं की बाकीचे विषय आपोआप मागनं येतात, ओढून आणावे लागत नाहीत. कसं करतो ते सांगतो.

आधी सामान

बाटली फक्त कोल्ड्रिंकचीच, गॅसवाल्या पेयाची, दोन किंवा सव्वादोन लिटरची. ती गॅसचा दाब सोसायलाच बनवलेली असते, बुडाला ते पाच पाय असतात बघा, ते त्यासाठीच. साध्या पाण्याची बाटली पातळ असते, ती नको. काचेची, पत्र्याची तर विचारसुद्धा करू नका. ओरखडे पडलेली, चेपलेली, उन्हात महिनोन्महिने पडून पांढरी झालेली बाटली बाजूला टाका.

बाकी सामान म्हणजे हवा भरायचा पंप (प्रेशर दाखवणारा काटा असला तर फार बरं), लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातलं रबरी बूच, फुटबॉलमधे हवा भरायची सुई, चिकटपट्टी, जाड कार्डशीट, आणि पंखांसाठी सनपॅकची शीट (जाहिरातीच्या बोर्डाचं ते पोकळ प्लास्टिक). इलेक्शन झालं की सनपॅकचे बोर्ड गल्लोगल्ली लोंबकळत असतात, विचारून घ्या म्हणजे झालं, आमच्या रॉकेटच्या एका पंखावर एका उमेदवाराचा अर्धा हसरा चेहरा होता आणि पोरांनी तो मुद्दाम बाहेरच्या बाजूला लावला होता.

पंख तीन किंवा चार, बाटलीच्या तोंडाच्या बाजूला, कारण उडताना तोंड खाली असतं. पोरं हमखास उलटे लावतात, लावू द्या, एकदा उडवून बघू द्या. चिकटवायला टेपच वापरा, गरम ग्लू गनने बाटलीचं प्लास्टिक मऊ पडतं आणि दाब आला की तिथंच दगा देतं. वर बुडाकडं कार्डशीटचं टोपरं, त्यात शाडूचा लिंबाएवढा गोळा नाहीतर ओला स्पंज. टोक मऊ पाहिजे, खिळा, तार, दगड काही नको.

तो शाडूचा गोळा कशाला हे पोरांना सांगू नका. आधी गोळा न घालता उडवा. दहा फूट वर जाऊन ते कोलांट्या मारतं आणि कुठंही पडतं. मग गोळा घालून उडवा. मग वर्गात या आणि रॉकेटला जिथं ते तोलून राहतं तिथं दोरा बांधा आणि डोक्यावर गोल फिरवा, टोपरं पुढं ठेवून फिरलं तर सरळ उडणार, आडवं-तिडवं फिरलं तर वजन कमी आहे किंवा पंख लहान आहेत. हा दोऱ्याचा खेळ पाच मिनिटांचा आहे खरं गुरुत्वमध्य हा शब्द त्यानंतर कुणी विसरत नाही.

बुचाचं रॉकेट

सुरुवात बुचानेच करा. बूच अडीच सेंटिमीटरपर्यंत कापून घ्यायचं, मधनं सुई आरपार घालायची, सुईच्या टोकाचं भोक बुचाच्या वर निघालं पाहिजे. बाटलीत एक तृतीयांश पाणी, म्हणजे दोन लिटरच्या बाटलीत ६७० मिली धरा, बूच घट्ट दाबायचं, उलटी करून पंखांवर उभी करायची नाहीतर तीन विटांच्या मधे टेकवायची, आणि पंप मारायचा. दाब वाढत जातो, बुचाला सोसेनासा झाला की ते निघतं आणि बाटली जाते.

आमचं पहिलं बूच गळत होतं. एक पोरगी खाली वाकून बघून ओरडली, "सर, गळूलालंय की!" आणि मला सगळ्यात आधी राग आला तो ती वाकली म्हणून. भरलेल्या बाटलीवर कुणी वाकायचं नाही, हा पहिला नियम फळ्यावर त्या दिवशी लिहिला तो आजतागायत पुसलेला नाही.

बाकीचे नियम पण इथंच सांगून टाकतो. पोरं कमीत कमी दहा मीटर लांब, चुन्याने रेघ मारलेली. पंपाशी फक्त मोठं माणूस, डोळ्याला चष्मा, आणि पंपाची नळी लांब. सरळ वर सोडायचं, तिरकं कुणाच्या अंगावर नाही. जवळ विजेच्या तारा नकोत. सांबरा विमानतळाच्या आसपास शाळा असेल तर हा उद्योग करूच नका. काट्यावर ५० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) वर जायचं नाही, गाडीच्या टायरमधे ३०-३५ असतं त्यावरनं अंदाज घ्या. अडकलं, उडालं नाही तर जवळ जाऊन हलवायचं नाही, लांबूनच व्हॉल्व्हमधनं हवा सोडून द्यायची. आणि नवीन बाटलीची परीक्षा घ्यायची असेल तर ती काठोकाठ पाण्याने भरून दाब द्या, पाणी दबत नाही त्यामुळं बाटली फाटली तरी नुसती फाटते, स्फोट होत नाही. हवा भरलेली बाटली फाटणं वेगळं.

आता बुचाच्या रॉकेटमधली गंमत. पोरांना सांगा, सारखंच पाणी घालून तीनदा उडवा. तीनदा तीन वेगळ्या उंच्या येतात. का? इथं गप्प बसा. आमच्या वर्गात दोन दिवस वाद चालला, कुणी म्हणे वारा, कुणी म्हणे पंप मारणारा दमला, शेवटी एकीच्या लक्षात आलं की बूच दर वेळी वेगळं दाबलं जातंय, जास्त दाबलं की जास्त हवा भरेपर्यंत टिकतं. म्हणजे आपण पाणी तेवढंच ठेवलं तरी दाब बदलतोयच. "एका वेळी एकच गोष्ट बदला" हे वाक्य पुस्तकात एका ओळीत असतं, इथं ते पोरांनीच शोधून काढलं आणि मग त्यांनीच मागणी केली की सर, पाहिजे तेव्हा सुटणारं काहीतरी करूया.

मग लॉन्चर

हे प्लंबरच्या मदतीने करा, त्यालाही मजा येते. अर्धा इंची पीव्हीसी पाईप, बाहेरून २१ मिलिमीटरच्या जरा वर असतो, तो बाटलीच्या तोंडात बरोब्बर जातो (शेतातला २० मिमीचा पाईप ढिला होतो, तो नको). पाईप बाटलीत साधारण २० सेंटिमीटर आत गेला पाहिजे म्हणजे त्याचं तोंड पाण्याच्या वर राहतं आणि पाणी खाली उतरत नाही. बाटलीचं तोंड जिथं टेकतं तिथं पाईप जरा तापवून किंचित फुगवतात, त्यावर बाटली घट्ट बसते. त्याच्या खाली पाईपभोवती आठ-दहा केबल टाय उभे लावायचे, बुडाशी क्लिपने आवळायचे, टायची डोकी वर, ती बाटलीच्या गळ्यावरच्या कड्याला धरून ठेवतात. टायवरनं एक मोठ्या पाईपचा तुकडा बांगडीसारखा सरकवायचा. बांगडीला दोरी. दोरी ओढली, बांगडी खाली आली, टाय फाकले, बाटली सुटली. पाईपच्या दुसऱ्या टोकाला रिड्यूसर लावून एक इंची एन्ड कॅप आणि त्यात पंक्चरवाल्याकडचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह. सॉल्व्हंट (पाईप चिकटवायचा गोंद) लावलं की एक दिवस वाळू द्या, घाई केली की जोड सुटतो, आमचा सुटला.

आता काट्यावर ४० म्हणजे ४०. आता पाण्याचा प्रश्न विचारता येतो: किती भरलं की सगळ्यात उंच जाईल? आधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, खोडायचा नाही. बहुतेक जण लिहितात "फुल्ल भरलं की". मग उडवा: रिकामी, पाव, एक तृतीयांश, अर्धी, पाऊण. आलेख काढला की टेकडीसारखा येतो, चढतो आणि उतरतो. पाऊण भरलेली बाटली जेमतेम उठते आणि धपकन पडते, कारण पाण्याला ढकलायला हवाच उरली नाही. रिकामी नुसती फस्स करते, कारण बाहेर टाकायला जड काही नाही, दोन लिटरच्या बाटलीत चौपट दाबलेली हवा भरली तरी तिचं वजन आठ-दहा ग्रॅम. अपूर्णांकांवरची किती उदाहरणं मी सोडवून घेतली असतील, पाव मोठा की एक तृतीयांश मोठा हे तरीही चुकायचंच, रॉकेटनंतर चुकत नाही.

न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ असतो, क्रिया-प्रतिक्रिया घडाघडा म्हणतात. खरं खोदून विचारा, रॉकेट वर का जातं? अर्धा वर्ग म्हणणार, पाणी जमिनीला ढकलतं म्हणून. हे खोडायला फुगा घ्या, चिकटपट्टीने स्ट्रॉला चिकटवा, स्ट्रॉमधनं दोरा ओवून वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणा आणि फुगा सोडा. मधे हवेत लटकलेला फुगा कुठल्या जमिनीला ढकलतो सांगा. फुगा हवेला मागं ढकलतो, हवा फुग्याला पुढं. तसंच बाटली पाण्याला आणि पाणी बाटलीला. हे झालं की मगच चांद्रयानाचं बोला, वर कुठली जमीन आणि कुठली हवा.

उंची मोजायची कशी

कंपास पेटीतला कोनमापक, मधल्या भोकातनं दोरा, दोऱ्याला नट. कोनमापकाच्या सरळ कडेवरनं रॉकेटकडं बघायचं, सगळ्यात वर गेलं की दोरा बोटाने दाबून धरायचा. दोरा जो आकडा दाखवतो तो ९० मधनं वजा करायचा, हे निम्मी पोरं विसरतात, आमच्याकडं एका गटाचं रॉकेट बाकीच्यांपेक्षा लईच कमी उडालं म्हणून रडारड झाली आणि नंतर कळलं की ५० च्या जागी ४० लिहिलं होतं.

सातवीला त्रिकोणमिती नसते, नको पण. लॉन्चरपासून दोरीने मोजून २० मीटरवर उभं राहायचं. वर्गात येऊन आलेख कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे २ मीटर असं प्रमाण धरायचं, पाया १० सेंटिमीटर, एका टोकाला ५० अंशाचा कोन, दुसऱ्या टोकाला काटकोन, उभी रेघ मोजली की ११.९ सेंटिमीटर येते, म्हणजे २३.८ मीटर. त्यात बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची मिळवायची, सव्वा-दीड मीटर, की झाले साधारण २५. हायस्कूलची पोरं असतील तर टॅनजंटचा तक्ता द्या, उत्तर तेच येतं आणि त्यांना पहिल्यांदा कळतं की तो तक्ता कुणीतरी अशा रेघा मोजूनच काढल्यासारखा आहे. दोन बाजूंना दोन गट उभे करा, सरासरी काढा, वाऱ्याने रॉकेट एकीकडं झुकलं तरी थोडं जुळतं.

दुसरी पद्धत मोबाईलच्या स्टॉपवॉचची. सुटल्यापासून पडेपर्यंतचे सेकंद मोजा, निम्मे करा, त्याचा वर्ग करा, पाचने गुणा. चार सेकंद लागले तर दोनाचा वर्ग चार, गुणिले पाच, वीस मीटर. हे उत्तर जरा जास्त येतं कारण रिकामी बाटली हलकी, हवा तिला अडवते, ती रमतगमत खाली येते. दोन पद्धतींची दोन उत्तरं आली की पोरं विचारतात खरं कुठलं. त्या प्रश्नावर मी एक अख्खा पिरियड घालवतो, पोर्शन मागं पडला तरी चालेल.

माझं सगळ्यात आवडतं गणित मात्र पंपाचं. पंपाची नळी मोजा, आमची ३० सेंटिमीटर लांब, आतनं ३ सेंटिमीटर रुंद. वृत्तचितीचं घनफळ काढा: ३.१४ गुणिले दीडचा वर्ग गुणिले ३०, आलं २१२ मिली. बाटलीत पाणी सोडून मोकळी जागा १३३० मिली. काटा ४५ पीएसआय दाखवायला आधीच्या हवेवर आणखी साधारण तिप्पट हवा कोंबायला लागते, म्हणजे चार लिटर. चार लिटर भागिले २१२ मिली, एकोणीस. मग बाहेर जाऊन पंप मारायला लावा आणि सगळ्यांनी मोठ्याने मोजायचं. आमचे तेवीस झाले, गळती, नळीतली हवा वगैरे. वृत्तचितीचं घनफळ कशाला शिकायचं असं त्यानंतर मला कुणी विचारलेलं नाही. हायस्कूलवाल्यांना पुढचं द्या, तेवढ्या दाबाने पाणी किती वेगाने बाहेर पडतं: दाब तीन लाख पास्कल, दुप्पट करा, पाण्याच्या घनतेने म्हणजे हजाराने भागा, सहाशे, वर्गमूळ साडेचोवीस मीटर दर सेकंदाला. ताशी ८८ किलोमीटर. कोल्हापूर हायवेला निपाणीकडं जाणाऱ्या गाडीचा वेग बाटलीच्या तोंडातनं निघतोय.

बाटलीतला कणकुंबीचा पाऊस

हे कुणी करत नाही आणि मला वाटतं हेच सगळ्यात भारी आहे. बाटलीत दोन चमचे पाणी घ्या, खळखळा, अगरबत्तीचा थोडा धूर आत सोडा, बुचाने बंद करा, बाटली आडवी घट्ट बांधून बुचाचं तोंड रिकाम्या भिंतीकडं करा आणि दहा-बारा पंप मारा. बूच उडालं की क्षणात बाटली आतनं पांढरी होते. ढग. दाबलेली हवा एकदम पसरली की थंड होते आणि तिच्यातली वाफ धुराच्या कणांवर बसते. पंप मारताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं ते याच्या बरोबर उलटं.

आता नकाशा काढा, आपल्याच जिल्ह्याचा. गोव्याकडनं येणारा पावसाळी वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, वर दाब कमी म्हणून पसरतो, थंड होतो, ढग होतात, आणि खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडं धो धो कोसळतो. मलप्रभा तिथंच कणकुंबीला उगम पावते ते उगाच नाही. तोच वारा घाट उतरून पूर्वेला अथणीकडं जाईपर्यंत कोरडा होतो. एका जिल्ह्यात एका टोकाला चिखल आणि दुसऱ्या टोकाला टँकर. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द पोरं पाठ करतात तेव्हा त्यांना वाटतं कुठल्या तरी लांबच्या देशाचं आहे, आणि वर्गातल्या निम्म्यांचे मामा-मावशी चिक्कोडी-अथणीला दिलेले असतात.

इथंच मी वसंत गोवारीकरांचं सांगतो. पुण्याचा मराठी माणूस, तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले, रॉकेटच्या घन इंधनावर काम केलं, आणि नंतर मान्सूनचा अंदाज सांगणारं सोळा घटकांचं मॉडेल त्यांच्या नावाने ओळखलं गेलं, हवामान खातं ते १९८८ पासून वापरायला लागलं. रॉकेट आणि पाऊस एकाच माणसाने केला की नाही.

इतिहास, आणि कोबीचं शेत

समाजाच्या पुस्तकात हैदर आणि टिपू आहेतच. म्हैसूरच्या रॉकेटची नळी लोखंडी होती, त्यामुळं आत जास्त दाब सोसायची, ही गोष्ट बाटली हातात धरलेल्या पोराला एका वाक्यात कळते, कारण त्याने पाण्याची पातळ बाटली आणि कोल्ड्रिंकची बाटली दोन्ही दाबून बघितलेली असतात. १७८० ला पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी ती रॉकेटं खाल्ली, १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर ती उचलून इंग्लंडला नेली आणि तिथं काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजाने त्यावरनं स्वतःची बनवली. २०१८ ला शिवमोग्गा जिल्ह्यात नगरच्या एका जुन्या विहिरीत हजारभर रॉकेटं सापडली, गाळात. आपल्याच राज्यात.

२१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून भारतातनं अवकाशाकडं जाणारं पहिलं रॉकेट उडालं, तिथं रॉकेटचा भाग सायकलवरनं नेतानाचा तो फोटो सगळ्यांनी बघितलाय. तो वर्गात लावा आणि खाली आपला सायकलपंप ठेवा, बोलायची गरज नाही.

आणि गॉडार्ड. अमेरिकेत १६ मार्च १९२६ ला याने द्रव इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं, मावशीच्या, नाहीतर आत्या म्हणा, इंग्रजीत कळत नाही, तर त्यांच्या शेतात. अडीच सेकंद उडालं, ४१ फूट वर गेलं आणि कोबीच्या वाफ्यात जाऊन पडलं. ४१ फूट म्हणजे साडेबारा मीटर. पोरांनी वही उघडली, आपलं २५. जो दंगा झाला तो विचारू नका, शेजारच्या वर्गातनं बाई बघायला आल्या. आमच्याकडं पण कोबी भरपूर होतो, त्यामुळं आता बाटली कुणाच्या वाफ्यात पडली की "गॉडार्ड झाला" म्हणतात.

भाषेचे पिरियड

मराठीच्या तासाला निबंध देऊ नका, कृती लिहायला द्या. सातवीने रॉकेट उडवायची कृती लिहायची आणि सहावीने ती वाचून अक्षरशः तसंच करायचं, डोकं लावायचं नाही, विचारायचं नाही. आमच्या सातवीच्या एका हुशार गटाने लिहिलं: "बाटलीत पाणी भरा. बाटली उलटी करा. बूच लावा." सहावीने बाटली उलटी केली. सगळं पाणी पायावर. लिहिणारी पोरं "तसं नव्हे गा!" म्हणून ओरडूलालीत आणि सहावीची पोरं शांतपणे कागद दाखवूलालीत. तीन वेळा लिहून मग ती कृती उडण्यालायक झाली. क्रम, "आधी-मग-तोपर्यंत", किती, कुठून, कुणी, हे सगळं व्याकरण त्या एका कागदात आलं आणि लाल पेन मला काढावंच लागलं नाही, पाण्याने काढलं.

कन्नडचा तास तर धमाल. आमच्या पोरांना कन्नड जड जातं, परीक्षेपुरतं करतात. काउंटडाउन कन्नडमधे ठेवा: ऐदु, नाल्कु, मूरु, एरडु, ओंदु, बिडु! बिडु म्हणजे सोड. दोन दिवसात सगळ्यांना उलटे आकडे पाठ. मग वाक्य शिकवा, रॉकेट मेले होयतु. कन्नडमधे मेले म्हणजे वर, आणि पहिल्यांदा ऐकलं की आमची पोरं "कोण मेले सर?" म्हणून लोळतात. कन्नडच्या टीचर आधी रागावल्या, मग त्यांनीच यादी करायला घेतली: बाटलीला बाटली, कागदाला कागद, कोनाला कोन, आकाशाला आकाश, दोन्हीकडं जवळजवळ तेच. पाणी मात्र नीरु आणि वारा गाळी. इंग्रजीला मी जास्त काही करत नाही, "इफ वी ॲड मोर वॉटर" करून पाच वाक्यं पुरी करायला लावतो, बास.

चित्रकला पंखांवर होते, पीटी बाटली आणायला पळण्यात होते, त्याचं वेगळं सांगायला नको. नागरिकशास्त्र मात्र न ठरवता झालं. एकदा वारा बघितला नाही आणि रॉकेट आमच्याच शाळेच्या मंगलोरी कौलांवर पडलं, दोन कौलं गेली. त्यानंतर पोरांनीच बसून ठरवलं की कोण वारा बघणार, कोण रेघ सांभाळणार, कोण "थांबा" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, एचएमसुद्धा. आणि शेजारच्या आजींच्या भातात बाटली गेली तर पोरांनी परस्पर पळायचं नाही, आधी बांधावरनं हाक मारून विचारायचं. आजी आता स्वतःच बाटली परत आणून देतात आणि आज कितीवर गेलं गा म्हणून विचारतात.

वेळ शनिवारची सकाळची शाळा, सातला वारा कमी असतो. जून ते सप्टेंबर मैदानाचा नाद सोडा, तेव्हा बुचाचा ढग आणि पंपाचं गणित वर्गात करा, दसऱ्याच्या सुट्टीनंतर बाहेर पडा. एका दिवसात वीस उड्डाणं म्हणजे तेरा-चौदा लिटर पाणी, लॉन्चर शाळेच्या रोपांजवळ ठेवला की ते पण वाया जात नाही.

प्रत्येक उड्डाणाला बाटलीवर मार्करने एक रेघ मारा. पंधरा रेघा झाल्या की ती बाटली रिटायर, कितीही चांगली दिसू दे. आमच्या रिटायर बाटल्यांचं आम्ही पर्जन्यमापक करतो: वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा आत बसवायचा, बुडाचे पाच पाय वाकडे असतात म्हणून तळाला खडे आणि बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरून ती शून्याची खूण, बाहेरनं पट्टी चिकटवायची. जूनमधे एक शाळेच्या आवारात, एक जांबोटीकडं आत्या असलेल्या पोराबरोबर, एक अथणीला मामा असलेल्या पोरीबरोबर. रोज संध्याकाळी फोनवर मिलिमीटर विचारून फळ्याच्या कोपऱ्यात तीन आकडे लिहायचे, जांबोटीवाल्या आत्यांना मात्र रोज सांगायला लागतं की भरली की आधी वाचा आणि मग ओता.